ॲपवरचा ठिपका थांबला की घाबरायचं का?

प्रश्न: मुलगा डेक कॅडेट, म्हणजे जहाजावर शिकाऊ अधिकारी आहे. जहाज सिंगापूरहून दुबईच्या जेबेल अलीला निघालं, मोबाईलवरच्या ॲपवर रोज बघत होते, पण निकोबारच्या पुढे गेल्यावर ठिपका जागचा हललेलाच नाही, दोन दिवस झाले. फोनही लागत नाही. काय समजायचं? – एक आई, रत्नागिरी

उत्तर: ताई, आधी पाणी प्या. तो ठिपका म्हणजे जहाज नाही, जहाजाच्या एआयएसचा, म्हणजे जहाजाचं नाव आणि जागा आपोआप कळवणाऱ्या यंत्राचा, शेवटचा पकडलेला सिग्नल आहे. चालत्या जहाजावरचं एआयएस दर दोन ते दहा सेकंदांनी सिग्नल सोडतं पण तो व्हीएचएफ या जवळच्या पल्ल्याच्या रेडिओवरनं जातो, किनाऱ्यावरच्या अँटेनाला साधारण २०-४० सागरी मैलांपर्यंतच मिळतो, त्यापुढे सॅटेलाईट लागतो आणि फुकटच्या ॲपमध्ये तो डेटा बहुतेक नसतोच. म्हणून भर समुद्रात ठिपका थांबतो, जहाज आपलं चालूच असतं.

आणि तुम्ही एकट्याच बघताय असं नाही. मलाक्काच्या सामुद्रधुनीत १९९८ पासून स्ट्रेटरेप नावाची सक्तीची रिपोर्टिंग सिस्टीम आहे, ३०० ग्रॉस टनांच्या वरच्या जहाजाने व्हीएचएफवर नाव, कॉल साईन, पोझिशन, धोकादायक माल असेल तर तो, इंजिन-स्टिअरिंगमध्ये काही बिघाड असेल तर तोही सांगायचा. नऊ सेक्टर आहेत, पहिले पाच मलेशियाच्या क्लांगकडे, सहावा जोहोरकडे, उरलेले तीन सिंगापूरकडे, म्हणजे मुलाचं जहाज तिथून हातोहात पुढे सरकवलं गेलंय. पुढे खुल्या समुद्रात बरीच जहाजं ॲमव्हर नावाच्या यंत्रणेला दर ४८ तासांनी पोझिशन कळवतात, अमेरिकन कोस्ट गार्ड ती १९५८ पासून चालवतं. कुणी संकटात सापडलं तर जवळ कुठलं जहाज आहे हे त्यातनं लगेच कळतं. आपल्या कोस्ट गार्डचीही इंडसार नावाची तशीच यंत्रणा आहे. शिवाय जहाज कुठे आहे हे सांगणारा रोज दुपारचा नून रिपोर्ट कंपनीला जातोच, तो आला नाही तर सगळ्यात आधी धावपळ कंपनीत सुरू होते. तेव्हा ॲप बंद करा आणि कंपनीच्या क्रूइंग ऑफिसला, म्हणजे जहाजावरच्या माणसांचं बघणाऱ्या ऑफिसला, फोन लावून एवढंच विचारा, "आजचा नून रिपोर्ट आला का?"

प्रश्न: भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याला लाँचने जाताना मोठी जहाजं दिसतात. विमानांना एटीसी असतं तसं यांना कुणी वळा, थांबा सांगतं का? २०१० ला एवढी टक्कर झाली तेव्हा हे लोक काय करत होते? – उरणचा वाचक

उत्तर: सांगतं, पण एटीसीसारखं नाही. बंदराची व्हीटीएस, म्हणजे जहाज वाहतूक सेवा, म्हणजे रडार, एआयएस आणि रेडिओ घेऊन बसलेली माणसं. ती माहिती देतात, इशारा देतात, चॅनलमध्ये, म्हणजे जहाजांच्या अरुंद वाटेत, आत्ता शिरू नको, नांगर टाकून थांब असं बजावूही शकतात. मात्र सुकाणू किती अंश फिरवायचं, इंजिन किती कमी करायचं हे त्यांनी सांगायचं नसतं, ते कॅप्टनचं काम, बंदरातली वाट दाखवणारा पायलट जहाजावर चढला तरी कॅप्टनची जबाबदारी काही सुटत नाही. मला हे बरोबर वाटतं. रडारच्या पडद्यावर बसलेल्याला जहाज किती जड भरलंय, वळायला किती वेळ घेतंय ते कळत नाही.

७ ऑगस्ट २०१० ला न्हावा शेव्याहून निघालेलं एमएससी चित्रा आणि आत येणारं खलिजिया-३ मुंबई बंदराच्या तोंडाशी धडकले. चित्रा कललं, शेकडो कंटेनर पाण्यात, काहींत कीटकनाशकं, आणि शेकडो टन तेल. बंदर काही दिवस बंद. उरण-अलिबागकडची खारफुटी काळी पडली आणि लोक मासे घेईनात, ते तुम्हाला मी काय सांगणार. दोषाचा निवाडा इथे बसून करत नाही, पण एक नक्की, व्हीटीएस कितीही चांगलं असलं तरी दोन्ही जहाजांच्या ब्रिजवरच्यांनी, म्हणजे जहाज चालवणाऱ्यांनी, वेळेत ऐकलं आणि वेळेत वळवलं तरच उपयोग, टक्कर व्हायला मिनिटभर पुरतं पण मोठं जहाज थांबायला मैलभर लागतो.

प्रश्न: आमची बोट छोटी, एआयएस नाही. कंट्रोलला आम्ही दिसतो का? – वर्सोवा

उत्तर: दादा, भरवसा ठेवू नका. लाकडी किंवा फायबरच्या बोटीचा रडारवर इको, म्हणजे परत येणारा सिग्नल, कमजोर येतो, लाटा उसळल्या की त्यातच हरवतो. डोलकाठीवर रडारचा सिग्नल जोरात परतवणारा रडार रिफ्लेक्टर लावा, दिवे चालू ठेवा. आणि चॅनलमध्ये जाळी टाकून बसू नका, टक्कर टाळायच्या आंतरराष्ट्रीय नियमांतला नववा नियम मासेमारी बोटीला तिथे मोठ्या जहाजाची वाट अडवू देत नाही, मासे कितीही लागत असले तरी! इस्रोने बनवलेले, बोटीची जागा कळवणारे ट्रान्सपॉन्डर मच्छीमारांना द्यायची योजना ऑगस्ट २०२४ मध्ये पालघरच्या कार्यक्रमात सुरू झाली, बिनखर्चाचे आहेत, तुमच्या सोसायटीत किंवा मत्स्यव्यवसाय खात्यात चौकशी करा. बोटीवर व्हीएचएफ असेल तर रेडिओचा चॅनल १६ (संकटाच्या हाकेचा) चालू ठेवा, त्यावर गाणी लावू नका.