रवांडात पॅकेजिंगचा धंदा टाकायला येऊ का, असं विचारणाऱ्या दादांना

दादा, तुमचा प्रश्न काल रात्रीच वाचला, पण उभ्या उभ्या उत्तर द्यायचं नव्हतं म्हणून आज दुकान बंद करून निवांत बसून लिहितेय. तुम्ही विचारलंय की राजधानी किगालीत सहा तासांत आणि फुकट कंपनी रजिस्टर होते हे खरं का, आणि खरं असेल तर कागदी पिशव्या, बॉक्स आणि प्लॅस्टिक पाऊचचं तुमचं युनिट इकडं हलवून वर्षाअखेर बायकामुलांसकट यावं का. आम्ही इथं नऊ वर्षं आहोत, पंप आणि ठिबकच्या सामानाचं दुकान आहे, त्यामुळं कारखान्याचं मला सगळं कळतं असं नाही, पण सरकारी कागदाचा रस्ता मी स्वतः चाललेय.

पहिलं उत्तर सोपं आहे, हो, खरं आहे. आरडीबी म्हणजे रवांडा डेव्हलपमेंट बोर्ड, त्यांच्या ऑनलाइन पोर्टलवर फॉर्म भरायचा, पासपोर्ट जोडायचा, भागीदार कोण, शेअर किती, पत्ता काय ते टाकायचं, बस. आमचं सर्टिफिकेट त्याच दिवशी संध्याकाळी ईमेलवर आलं, त्यातच टॅक्सचा टिन नंबर. माझे मिस्टर गिशुशूला त्यांच्या ऑफिसात उगाच जाऊन आले, त्यांना वाटलं अजून कुठंतरी सही शिक्का लागणारच, काउंटरवरची मुलगी म्हणाली झालंय तुमचं, प्रिंट तुम्हीच काढा. आणि या नऊ वर्षांत माझ्याकडे सरकारी टेबलावर कुणी एकदाही चहापाणी मागितलेलं नाही, हे मी मुद्दाम सांगते कारण तिकडून येणारा प्रत्येकजण हळू आवाजात हेच विचारतो.

हे आपोआप झालेलं नाही. १९९४ च्या नरसंहारानंतर या देशाकडे काहीच उरलं नव्हतं, समुद्र नाही, तेल नाही, मोठा बाजार नाही, मग बाहेरचा पैसा यावा म्हणून त्यांनी ठरवून नियम सोपे करायला घेतले. २००८ मध्ये व्यापारी कोर्टं वेगळी काढली, त्याच सुमारास आरडीबी उभं केलं, शाळा फ्रेंचवरून इंग्रजीवर नेल्या, जमिनीच्या तुकड्यांची नोंदणी देशभर हातात घेऊन काही वर्षांत पुरी केली. जागतिक बँकेचा तो डुइंग बिझनेस नावाचा रिपोर्ट होता ना, त्यात २०१० च्या अंकात रवांडा १४३ वरून एकदम ६७ वर आला आणि २०२० च्या अंकात ३८ वा होता. तो रिपोर्ट २०२१ मध्ये बँकेनं बंदच केला, आकड्यांत गडबड सापडली म्हणून, ती गडबड दुसऱ्या देशांच्या बाबतीतली होती, पण मुद्दा असा की रँकिंग बघून कुणी घर बदलू नये. तो रिपोर्ट नियम मोजायचा, गिऱ्हाईक मोजायचा नाही.

आता माझं खरं म्हणणं ऐका, कारण हे कुठल्याही ब्रोशरमध्ये नाही. इथलं सरकार वेगवान आहे, आणि ते दोन्ही बाजूंनी वेगवान आहे. जो वेग तुम्हाला सहा तासांत कंपनी देतो तोच वेग तुमची चूक पण पकडतो, आणि उद्या एखादा धंदा नको असं ठरलं तर तोही तितक्याच वेगानं बंद होतो. आपल्याला सवय असते की नियम आहे पण बघू, चालतंय, सगळेच करतात. इथं येताना ती सवय विमानतळावरच ठेवून या.

विमानतळावरून आठवलं, तुमचे प्लॅस्टिक पाऊच. २००८ पासून प्लॅस्टिक कॅरी बॅग बंद आहे आणि २०१९ च्या कायद्यानं एकदाच वापरायच्या प्लॅस्टिकच्या वस्तू पण बंद झाल्या, बनवणं, आणणं, विकणं, वापरणं सगळं. आमच्या सासूबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांनी लाडू, चिवडा, मसाले सगळं पिशवीत पिशवी घालून आणलं होतं, त्या सगळ्या पिशव्या तिथंच काढून घेतल्या आणि कापडी पिशवी विकत घ्यायला लावली, अगदी नम्रपणे, पण सोडलं नाही. म्हणजे तुमच्या धंद्याचा एक तृतीयांश भाग इथं जन्मालाच येणार नाही, अपवाद म्हणून काही पॅकिंगला रेमा या पर्यावरण खात्याची परवानगी मिळते पण त्या भरवशावर मशीन आणू नका. उलट कागदी पिशव्यांना इथं बाजार आहे तो याच बंदीमुळं. बेकरी, औषधाचं दुकान, किराणा, सगळीकडं खाकी पिशवी. कॉफी आणि चहा निर्यात होतो, त्याला बॉक्स लागतात. म्हणजे एका हातानं घेतलंय आणि दुसऱ्या हातानं दिलंय, तुम्ही दुसरा हात बघून या.

असंच जुन्या कपड्यांचं झालं. त्याला इथं चागुवा म्हणतात, हजारो लोक त्यावर जगायचे. २०१६ मध्ये स्थानिक कापड उद्योग वाढवायचा म्हणून आयात कर किलोला २० सेंटवरून अडीच डॉलर केला. अमेरिकेनं २०१८ मध्ये बदला म्हणून रवांडाच्या कपड्यांची करसवलत थांबवली, तरी हे मागं हटले नाहीत. आमच्या गल्लीतल्या एका बाईचं चागुवाचं दुकान होतं, ती आता मोबाईलचं कव्हर विकते. किगालीतल्या गिकोंडोच्या दलदलीतले कारखाने पण असेच उठवले, मसोरोच्या एसईझेडकडं, म्हणजे कारखान्यांसाठी राखलेल्या विशेष आर्थिक क्षेत्राकडं, जा म्हणाले. पर्यावरणाच्या दृष्टीनं बरोबरच होतं, मी त्याच्या विरोधात नाही, पण ज्यानं तिथं शेड बांधली होती त्याचं काय झालं ते विचारा. म्हणून जागा घेताना मास्टर प्लॅनमध्ये ती कशासाठी राखलीय ते आधी बघायचं, स्वस्त मिळतेय म्हणून घ्यायची नाही.

टॅक्सचं नीट वाचा, इथंच नवीन माणूस अडकतो. व्हॅट १८ टक्के, कंपनीचा नफ्यावरचा कर २०२३ च्या कायद्यानं ३० वरून २८ वर आणलाय. वर्षाला २ कोटी फ्रँकच्या वर उलाढाल गेली की व्हॅट नोंदणी सक्तीची, तुमचं युनिट पहिल्याच वर्षी जाईल. आणि प्रत्येक विक्रीला ईबीएमची पावती, म्हणजे टॅक्स खात्याच्या सर्व्हरला जोडलेलं बिल. सॉफ्टवेअर ते फुकट देतात, लॅपटॉपवर पण चालतं. गिऱ्हाईक स्वतःच फागितिरे, म्हणजे पावती, मागतं, कारण २०२४ पासून पावती घेणाऱ्या सामान्य ग्राहकाला त्या व्हॅटमधला १० टक्के परत मिळतो.

आमच्याकडं दुसऱ्याच महिन्यात काय झालं सांगते. दुपारी नेट गेलं होतं, आमचा मुलगा म्हणजे काउंटरवरचा पोऱ्या, त्यानं एक छोटा पंप ५९,००० फ्रँकला विकला, पैसे मोमोवर, म्हणजे मोबाईल मनीवर, घेतले आणि गिऱ्हाइकाला म्हणाला पावती नंतर घेऊन जा. दारात एक शांत बाई उभी होती, हातात फाइल, तिनं ओळखपत्र दाखवलं आणि विचारलं ही विक्री मशीनवर का नाही. व्हॅट होता ९,००० फ्रँक, दंड त्याच्या दहापट, म्हणजे ९०,०००, आणि पुन्हा सापडलं तर वीसपट. मी खूप समजावलं की नेट नव्हतं, तिनं विचारलं मग तुम्ही कळवलंत का. नव्हतं कळवलं. चूक आमचीच होती. मला राग आला नाही असं नाही, पण ती बाई जाताना पोऱ्याला मशीन कसं ऑफलाइन चालवायचं ते दहा मिनिटं बसून शिकवून गेली. त्या दिवसापासून आमच्याकडं आधी पावती मग माल. तुम्ही आलात तर पहिला पगार अकाउंटंटचा ठेवा, मशीन ऑपरेटरचा नंतर.

पगाराचं पण धरा, पेन्शनचा हप्ता जानेवारी २०२५ पासून १२ टक्के झालाय, निम्मा तुमचा निम्मा कामगाराचा.

आता समुद्राची गोष्ट, कारण कोणतीही सुधारणा किगालीला बंदर देऊ शकत नाही. तुमचा क्राफ्ट पेपरचा रोल दार एस सलामला उतरणार आणि तिथून साधारण दीड हजार किलोमीटर ट्रकनं येणार, नाहीतर मोंबासाहून त्याहून लांब. इथंही सरकारनं काम केलंय हो, आता कस्टमचं डिक्लेरेशन माल बंदरात असतानाच इकडचं भरता येतं आणि टांझानियाकडच्या रुसुमोच्या बॉर्डरवर दोन्ही देशांचे अधिकारी एकाच इमारतीत बसतात, मी एकदा आमच्या कंटेनरसाठी तिथं गेले होते. पुलाखाली कागेरा नदीचा धबधबा, एका बाजूला ट्रकची रांग, आणि टांझानियात डावीकडून चालणारे ट्रक रवांडात आले की उजवीकडं होतात, ड्रायव्हर लोक अर्धझोपेत पण ते बरोबर करतात. कागद चार तासांत झाला आमचा. पण ट्रकच त्याआधी अकरा दिवस बंदरात उभा होता, कारण आमच्या क्लिअरिंग एजंटनं एचएस कोड, म्हणजे कस्टमसाठी मालाचा प्रकार सांगणारा नंबर, चुकीचा टाकला होता. भाडं आमच्या खिशातून गेलं.

कोडचं म्हणून सांगते, ईस्ट आफ्रिकन कम्युनिटीच्या दरात मशिनरी आणि कच्चा माल शून्य टक्के, अर्धवट तयार माल १०, तयार माल २५ आणि काही वस्तूंना ३५. तुमचा कागद कुठल्या खान्यात बसतो यावर तुमचा सगळा हिशोब फिरतो, हे तिकीट काढायच्या आधी लेखी विचारून घ्या.

बाजार किती, तर २०२२ च्या जनगणनेत १ कोटी ३२ लाख लोक, आणि देश महाराष्ट्राच्या बाराव्या भागाएवढा. सगळेजण म्हणतात शेजारी देश आहेतच की विकायला. आहेत, पण युगांडाची गातुनाची बॉर्डर फेब्रुवारी २०१९ मध्ये बंद झाली ती जानेवारी २०२२ अखेर उघडली, बुरुंडीनं जानेवारी २०२४ मध्ये आपली बंद केली, आणि काँगोतल्या गोमाच्या बाजूला जानेवारी २०२५ मध्ये एम२३ या बंडखोर गटानं शहर घेतलं ते तुम्ही बातम्यांत पाहिलं असेलच. माझी गोमाला लागून असलेल्या इकडच्या रुबावूची तीन गिऱ्हाइकं गोमात माल द्यायची, त्यातलं एक आता फोन उचलत नाही, देव करो आणि तो सुखरूप असो. कागदावरचा धंद्याचा कायदा कितीही चांगला असला तरी बॉर्डर राजकारणावर चालते. त्यामुळं हिशोब फक्त रवांडाच्या आतल्या गिऱ्हाइकावर जमत असेल तरच या, बाहेरचं मिळालं तर वरकमाई समजायची.

उधारीबद्दल विचारलं होतंत. उधारी इथंही आहे, हॉटेलं तर साठ साठ दिवस घेतात. फरक एवढाच की कोर्टात जाता येतं. एका हॉटेलनं आमचे पैसे सात महिने दिले नाहीत, वकिलानं केस ऑनलाइन भरली, प्रत्येक तारीख आणि कागद आम्हाला घरी बसून दिसत होता, आणि सुनावणीच्या आधीच त्यांच्या मॅनेजरनं फोन करून तीन हप्त्यांत पैसे दिले. कर्ज मात्र विसरा, बँकेचा व्याजदर १५-१६ टक्क्यांच्या घरात आहे आणि नवीन परदेशी माणसाला तारणाशिवाय कुणी उभं करत नाही. दोन वर्षं नफा नाही आला तरी घर चालेल एवढा पैसा हाताशी ठेवून या, हे मी हात जोडून सांगते, कारण तिकडचं घर विकून आलेली आणि वर्षात परतलेली दोन कुटुंबं मी डोळ्यांनी पाहिलीत.

तिकडची माणसं आणायची असतील तर अडीच लाख डॉलर गुंतवणूक दाखवली की तिघांना जास्त प्रश्न न विचारता परवानगी मिळते, त्याखाली असाल तर इथं तसा कामगार का मिळत नाही ते पटवून द्यावं लागतं. खरं सांगू, ऑपरेटर इथलेच घ्या. शिकायला तयार असतात आणि वेळेवर येतात. किन्यारवांडा चार वाक्यं शिका, इंग्रजी शहरात चालतं पण माणूस जोडायला त्यांचीच भाषा लागते. आणि राजकारणावर मोठ्यानं मतं मांडायची सवय असेल तर ती इथं आवरावी लागेल, परदेशी माणूस म्हणून तर नक्कीच.

मुलांना घेऊन वर्षाअखेर एकदम येऊ नका. आधी एकटे या. ३० दिवसांचा व्हिसा विमानतळावर मिळतो, कॉमनवेल्थ देशांच्या लोकांना त्याची फीसुद्धा माफ आहे. मातेउसच्या होलसेल गल्लीत चार दिवस नुसते उभे रहा, किमिरोन्कोच्या बाजारात कुणाच्या हातात कसली पिशवी आहे ते बघा, मसोरोला शेडचं भाडं विचारा, दोन बेकरीवाल्यांना तुमचं सॅम्पल दाखवा. महिन्याचा शेवटचा शनिवार मध्ये आला तर सकाळी सगळं बंद असतं, उमुगांडा असतो, सगळे रस्ते साफ करायला उतरतात, तुम्ही पण फावडं घ्या, शेजारी कळतात.

तुमच्या पिशव्या किती जीएसएमच्या, म्हणजे किती जाड कागदाच्या, आहेत आणि हजाराला कारखान्याबाहेर काय भाव पडतो ते मला इथं लिहा. आमच्या समोरच बेकरी आहे, मालक ओळखीचा आहे, तो आत्ता काय भावानं घेतो ते उद्या सकाळी विचारून तुम्हाला कळवते.