तुमचे प्रश्न : आखाजी ते होळी, मजूर शोधायचा कुठं आणि कसा?

प्रश्न : पारोळा तालुक्यात आमचा आठ एकर कापूस आहे. दसरा झाला की बोंडं फुटतात आणि गावात वेचायला माणूस नसतो. बायका शेजारच्या गावी जातात, तिकडून रिक्षा येते न्यायला. सालदार, म्हणजे वर्षाचा गडी, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) दुप्पट मागतो, तरी कोणी तयार होत नाही. गेल्या साली कापूस झाडावरच भिजला. मजूर मिळवून देणारं सरकारचं काही ऑफिस आहे का? (एक शेतकरी)

उत्तर : भाऊ, भिजलेला कापूस बघून काय वाटतं ते मला माहीत आहे म्हणून सरळच सांगते, वेचणीला माणसं पाठवणारं असं ऑफिस नाही. जिल्ह्याचं कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र आहे पण तिथं कारखाने, दुकानं, ऑफिसं यांच्या जागा चालतात, वेचणीच्या टोळ्या अजूनही मुकादमाच्या फोनवरच ठरतात. तर मग तो फोन लवकर करायचा. तुम्ही दसऱ्याला शोधायला निघता आणि ऊसतोडीचे मुकादम पावसाळ्यातच उचल (आगाऊ पैसे) वाटून मोकळे होतात. धडगाव-अक्कलकुव्याकडची, सीमेपलीकडची बडवानी-खरगोनची पावरा-भिल्ल मंडळी जी आपल्याकडे येऊ शकतात त्यांनाच ऊसवालेही बोलावतात आणि गुजरातचे कापूसवालेही, म्हणजे माणूस आहे, पण आपल्याआधी दुसऱ्याने शब्द घेतलेला असतो.

दुसरं म्हणजे एकट्याने टोळी आणू नका. आठ एकराची एक वेचणी थोड्या दिवसात उरकते, मग पुढची बोंडं फुटेपर्यंत टोळीने काय बसून खायचं? कापूस एकदम फुटत नाही, तीन-चार वेचण्या होतात, म्हणून तर आपल्याकडे वेचणीचं मशीनही नीट बसत नाही. गावात ठिबकवर मे महिन्यात लावलेला पूर्वहंगामी कापूस आधी फुटतो आणि पावसावर लावलेला कोरडवाहू मागून, तेव्हा दोन्हीकडचे पाच-सहा जण एकत्र या, टोळी एका शेतातून दुसऱ्या शेतात फिरेल आणि भाड्याचा खर्चही वाटला जाईल. मला विचाराल तर रेटपेक्षाही ही सलग कामाची खात्री जास्त ओढते.

रेटचंही बोलू. सगळ्या वेचण्यांना किलोमागे एकच भाव हा मजुरावर अन्याय आहे. पहिल्या वेचणीला बोंडं भरलेली असतात, हात भरभर चालतो, शेवटी तेवढंच वाकून निम्माही कापूस पिशवीत पडत नाही आणि मग आपण म्हणतो बाया येत नाहीत. शेवटच्या वेचण्यांना किलोचा भाव वाढवा नाहीतर रोजाने द्या. आणि ती शेजारगावची रिक्षा... तुम्हीही लावा ना रिक्षा! सकाळी घरापासून नेणं आणि दिवस मावळायच्या आत सोडणं, बाईमाणसाला यात भावाइतकाच फरक पडतो.

टोळी राहायला आली तर पत्र्याचं का होईना पण बंद खोपटं, पाणी, लाईट आणि बायकांसाठी संडासची सोय हवीच, यात मी कुणाचं काही ऐकणार नाही. 'एक देश एक रेशन कार्ड'मुळे मध्य प्रदेशचं कार्डसुद्धा आपल्या रेशन दुकानात अंगठा लावून चालतं, दुकानदाराशी आधी बोलून ठेवा. टोळीबरोबर पोरं येतात, शिक्षण हक्क कायदा 2009 चा आहे, 6 ते 14 वयाच्या मुलाला वर्षाच्या मध्येच आला म्हणून गावची शाळा नाही म्हणू शकत नाही, आपल्या राज्यातल्या मुलाकडे शिक्षण हमी कार्ड (स्थलांतर करणाऱ्या मुलांना शाळेतून मिळतं ते) असेल तर अजून सोपं जातं. लहानग्यांसाठी अंगणवाडी आहे. मास्तरांकडे तुम्ही स्वतः जा, कारण ती माणसं परक्या गावात जायला बिचकतात. ज्या गावात पोरं शाळेत बसली त्या गावात टोळी पुढच्या साली परत येते.

उचल दिली तर वहीत लिहून दोघांकडे एकेक प्रत ठेवा. पण उचल फिटली नाही म्हणून कुणाला अडवून ठेवता येत नाही, 1976 च्या वेठबिगारी कायद्याने तो गुन्हा आहे. होळीआधी भोंगऱ्या बाजार भरले की सातपुड्यातली माणसं घरी जाणारच, तो त्यांचा वर्षाचा सण आहे, आपल्या आखाजीसारखाच, त्यामुळे हिशोब त्याआधी चुकता करा. तसंही बोंडअळीमुळे फरदड (हंगाम संपल्यावरही पाणी देऊन राखलेला कापूस) ठेवू नका असं कृषी विभाग सांगतोच.

प्रश्न : जळगाव एमआयडीसीत माझा प्लास्टिक चटईचा छोटा कारखाना आहे. ऑपरेटर टिकत नाहीत, स्थानिक पोरं येतच नाहीत. काय करू? (एक उद्योजक)

उत्तर : दादा, महास्वयंम या सरकारी रोजगार पोर्टलवर कारखान्याची नोंदणी करा, फुकट आहे, आणि पंडित दीनदयाळ उपाध्याय रोजगार मेळावे होतात तिथं स्टॉल मागा. मात्र जाहिरातीत 'आकर्षक पगार' लिहू नका. हातात किती पडेल, शिफ्ट किती तासांची, ओव्हरटाईम कसा, रात्रपाळी सुटल्यावर घरी जायला गाडी आहे का, हे लिहा. 10 कामगार झाले की ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) आणि 20 झाले की पीएफ लागतो, तो देत असाल तर मोठ्या अक्षरात लिहा, आईवडील तेच विचारतात. जिल्ह्यातल्या आयटीआयमध्ये जाऊन प्राचार्यांना भेटा, पोरांना मशीन दाखवायला कारखान्यात बोलवा. आणि पोरं येत नाहीत म्हणता तर सोडून गेलेल्या दोघा-तिघांना फोन करून का सोडलं ते विचारा, माझ्या अंदाजाने उत्तर पगाराआधी उन्हाळ्यातल्या शेडच्या उकाड्याचं येईल. जळगावच्या मे महिन्यात पत्र्याखाली, गरम मशीनजवळ बारा तास उभं राहून बघा... पंखे, छताला व्हेंटिलेटर, थंड पाणी, हा खर्च आधी करा.

प्रश्न : मी शहाद्याचा, आयटीआय फिटर झालोय. सगळे मित्र सुरतला गेले. घरी आजी एकटी आहे, मला इकडंच राहायचंय. जमेल का? एक एजंट नोकरीसाठी पाच हजार मागतोय.

उत्तर : बाळा, एजंटला एक रुपया देऊ नकोस. सरकारी नोंदणी, मेळावा, अप्रेंटिसशिप यात कुठंच पैसे लागत नाहीत.

मित्र सुरतला जातात यात नवल नाही, नंदुरबारहून सुरतेची गाडी थेट आहे आणि तिकडं पोचल्यावर गावचंच कुणी हात धरून कामाला लावतं. इकडं तसं हात धरणारं कुणी नाही, ही आपल्या भागाची खरी उणीव आहे, मला तिचं फार वाईट वाटतं. तुला एक रस्ता सांगते. 1961 च्या अप्रेंटिस कायद्याने 30 किंवा जास्त माणसं असलेल्या कारखान्याला शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात, त्यामुळे तू भीक मागायला जात नाहीयेस, हे डोक्यात पक्कं ठेव. नवापूर एमआयडीसी, शिरपूरच्या कापड गिरण्या, नरडाणा आणि धुळ्याजवळच्या अवधानची एमआयडीसी, इथं कुठं कुठं फिटर लागतो याची यादी कर, अप्रेंटिसशिपच्या सरकारी पोर्टलवर नाव टाक आणि मग मार्कशीट घेऊन स्वतः गेटवर जा. मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना 2024 ला आली तेव्हा आयटीआयवाल्याला महिना 8,000 रुपये ठरले होते, सध्या जागा निघताहेत का ते नंदुरबारच्या रोजगार केंद्रात विचार. ते प्रशिक्षण आहे, नोकरीची हमी नाही, म्हणून संपल्यावर अनुभवाचा कागद सही-शिक्क्यासह घेतल्याशिवाय निघू नको. शहाद्याहून रोज येणंजाणं झेपेल अशी जागा आधी बघ, खोली घ्यावी लागली तर आजीलाही बरोबर नेता येतं का ते तिलाच विचार.