झोजिलावर रणगाडे कसे चढले?

प्रश्न : १९४८ साली, पाकिस्तानशी लढाई चालू असताना, काश्मीरहून लडाखला जाणाऱ्या झोजिला खिंडीत आपल्या सैन्याने रणगाडे नेले म्हणतात. तिथे तर खेचरांची वाट होती ना?

उत्तर : होती, आणि म्हणूनच रणगाडे येतील हे शत्रूच्या स्वप्नातही नव्हतं. मद्रास सॅपर्सनी, म्हणजे सैन्यासाठी रस्ते-पूल बांधणाऱ्या इंजिनिअर तुकडीनं, खिंडीच्या पायथ्याच्या बालतालपासूनची ती वाट रुंद केली. सातव्या कॅव्हलरी या रणगाडा दलाचे हलके स्टुअर्ट रणगाडे जम्मूहून गुपचूप आणले, तेही टरेट, म्हणजे तोफ असलेला वरचा फिरता बुरूज, उतरवून. वाटेतले पूल तकलादू, शिवाय कुणी ओळखायला नको. मी लष्करी वर्कशॉपमध्ये नोकरी केली आहे. टरेट नीट जागेवर बसवताना सपाट, कोरड्या शेडमध्येही घाम फुटतो. त्यांनी ते बालतालच्या थंडीत केलं! १ नोव्हेंबरला, बर्फ पडत असताना, पुढच्या रणगाड्यात स्वतः तिथल्या डिव्हिजनचे प्रमुख जनरल थिमय्या होते. इतक्या उंचीवर, सुमारे साडेअकरा हजार फुटांवर, तोवर रणगाडे कुठेच लढले नव्हते. वाट करणाऱ्या सॅपर्सचं नाव मात्र फारसं कुणी घेत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.