प्रवासातील हेडफोन अ‍ॅम्प्लिफायर : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : घरी ऐकण्यासाठी घेतलेला २५० ओहमचा, बंद कपांचा हेडफोन मी आता प्रवासातही नेतो. फोनला जोडलेल्या लहान डॉंगलवर (फोनच्या चार्जिंगच्या खाचेतून हेडफोनला आवाज देणाऱ्या जोडावर) त्याचा आवाज अपुरा पडतो. जुन्या ध्वनिमुद्रणांच्या वेळी तर फारच. किती मिलिवॅटचा अ‍ॅम्प्लिफायर घ्यावा?

उत्तर : हा प्रश्न ‘किती मिलिवॅट’ असा न विचारता ‘किती व्होल्ट’ असा विचारला, तर निवड पुष्कळ सोपी होते. आपल्या हेडफोनच्या माहितीपत्रकात दोन आकडे असतील : एक इम्पिडन्सचा (विजेच्या प्रवाहाला होणाऱ्या अवरोधाचा), म्हणजे २५० ओहम, आणि दुसरा संवेदनशीलतेचा, म्हणजे दिलेल्या शक्तीला किती मोठा आवाज निघतो याचा. हा दुसरा आकडा आपण कळवलेला नाही. या प्रकारच्या हेडफोनमध्ये एका मिलिवॅटला ९६ डेसिबल ही संवेदनशीलता नेहमी आढळते, म्हणून हिशेबासाठी तीच धरू. संगीतातील क्षणिक शिखरे सरासरी पातळीच्या वीस डेसिबल वरपर्यंत जाऊ शकतात, त्यामुळे ११० डेसिबलचे शिखर आवाज न फाटता देऊ शकणारा अ‍ॅम्प्लिफायर बहुतेक सर्व ध्वनिमुद्रणांना पुरतो. ९६ ते ११० हे अंतर १४ डेसिबलचे, म्हणजे शक्तीच्या हिशेबात पंचवीसपट. तेव्हा गरज २५ मिलिवॅटची, आणि २५० ओहमच्या हेडफोनला तेवढी शक्ती पोहोचवण्यासाठी अडीच व्होल्ट लागतात. प्रवाह मात्र जेमतेम १० मिलिअ‍ॅम्पिअर पुरतो.

साध्या डॉंगलांपैकी अनेकांची कमाल पातळी एका व्होल्टच्या आसपास असते. एका व्होल्टला आपल्या हेडफोनमध्ये ४ मिलिवॅट पोहोचतात आणि शिखर १०२ डेसिबलवर थांबते. अलीकडच्या, मोठ्या पातळीवर तयार केलेल्या गाण्यांना ते पुरते. ज्या ध्वनिमुद्रणांची सरासरी पातळी मुळातच खाली ठेवलेली असते, तेथे मात्र आवाजाची पट्टी शेवटापर्यंत नेऊनही समाधान होत नाही. आपल्या तक्रारीचे कारण हेच आहे.

आता जाहिरातींतील मिलिवॅटविषयी. एका अ‍ॅम्प्लिफायरवर ‘३२ ओहमला २०० मिलिवॅट’ असे लिहिलेले आहे आणि दुसऱ्यावर ‘१६ ओहमला ४०० मिलिवॅट’, असे समजा. दुसरा दुप्पट ताकदीचा वाटेल, परंतु दोन्ही आकड्यांचे व्होल्टमध्ये रूपांतर केले (शक्ती गुणिले ओहम, आणि त्याचे वर्गमूळ), तर दोन्हीकडे सुमारे अडीच व्होल्टच येतात. आपल्या २५० ओहमच्या हेडफोनसाठी दोघांत काहीही फरक नाही. म्हणून ज्या माहितीपत्रकात २५० किंवा ३०० ओहमला मिळणारी शक्ती वेगळी दिलेली असेल, किंवा कमाल व्होल्ट स्पष्ट सांगितलेले असतील, त्यावर अधिक विश्वास ठेवावा. दोन व्होल्ट देणारे डॉंगल आपल्याला १०८ डेसिबलपर्यंत नेईल आणि बहुतेक वेळा पुरेल. अडीच ते चार व्होल्ट देणारे उपकरण घेतले तर पुन्हा विचार करण्याची वेळ येणार नाही. त्याहून अधिक शक्तीचे वजन प्रवासात वाहण्याचे कारण मला दिसत नाही.

कमी ओहमचा हेडफोन चालवायला नेहमीच सोपा असतो, हा समज येथेच दूर केलेला बरा. प्लॅनर पद्धतीचा, म्हणजे सपाट पडद्याचा, एखादा हेडफोन ५० ओहमचा असूनही त्याची संवेदनशीलता ८४ डेसिबल इतकी कमी असू शकते. त्याला त्याच ११० डेसिबलसाठी ४०० मिलिवॅट, म्हणजे सुमारे साडेचार व्होल्ट आणि ९० मिलिअ‍ॅम्पिअर लागतात. असा हेडफोन घरीच ठेवावा. उलट आपल्यासारख्या हेडफोनचे कमी ओहमचे भावंड अनेकदा उपलब्ध असते. बायरडायनॅमिक कंपनीचा डीटी ७७० प्रो हा ३२, ८० आणि २५० ओहम अशा आवृत्त्यांत मिळत आला आहे. प्रवास वारंवार होत असेल, तर अ‍ॅम्प्लिफायर वाढवण्यापेक्षा कमी ओहमची आवृत्ती घेणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. वर ११० डेसिबल हा आकडा शिखरासाठी, अ‍ॅम्प्लिफायरची ऐपत ठरवण्यापुरता घेतला आहे. ती ऐकण्याची पातळी नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार प्रौढांसाठी सरासरी ८० डेसिबल आठवड्याला ४० तासांपर्यंत सुरक्षित मानले जातात आणि दर तीन डेसिबलला ही मुदत निम्मी होते : ८३ ला २० तास, ८६ ला १०, ८९ ला फक्त ५. विमानाच्या केबिनमधील आवाज स्वतःच ८० ते ८५ डेसिबलच्या घरात असतो आणि त्यात खालच्या सुरांचा भाग मोठा असल्याने संगीतातील खर्ज सर्वांत आधी झाकला जातो. अशा वेळी हात आपोआप आवाज वाढवण्याकडे जातो. हेडफोनच्या गाद्या जुन्या झाल्या असतील किंवा चष्म्याच्या काड्यांमुळे फट राहत असेल, तर आधी ते दुरुस्त करावे. बाहेरचा आवाज दहा डेसिबलने कमी झाला, तर तेवढीच कमी पातळी ठेवून तेच संगीत तितकेच स्पष्ट ऐकू येते.

प्रश्न : माझे इअरफोन १६ ओहमचे, अनेक बॅलन्स्ड आर्मेचर ड्रायव्हरांचे (आवाज निर्माण करणाऱ्या अगदी लहान घटकांचे) आहेत. डॉंगलऐवजी अधिक शक्तिशाली अ‍ॅम्प्लिफायर घेतला, तेव्हापासून रात्री मुक्कामी ऐकताना मागे बारीक ‘स्स’ असा आवाज येतो आणि गाण्यांचा तोलही बदललेला वाटतो. याहून वरचा अ‍ॅम्प्लिफायर घ्यावा का?

उत्तर : वरचा म्हणजे अधिक शक्तीचा, असे आपल्या मनात असेल तर मुळीच घेऊ नये. आपल्या इअरफोनची संवेदनशीलता एका मिलिवॅटला ११२ डेसिबल धरली, तर एका व्होल्टला तो १३० डेसिबल आवाज करेल. म्हणजे ११० डेसिबलच्या शिखरासाठी त्याला व्होल्टचा दहावा भाग पुरतो. आपण शक्तीच्या नव्हे, तर शांततेच्या शोधात आहात, आणि त्यासाठी पाहायचा आकडा म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरच्या स्वतःच्या गोंगाटाचा, जो मायक्रोव्होल्टमध्ये दिलेला असतो. दहा मायक्रोव्होल्ट गोंगाट आपल्या इअरफोनमध्ये सुमारे ३० डेसिबल होऊन ऐकू येतो. कान बंद असलेल्या रात्रीच्या शांततेत तो जाणवणारच. दोन मायक्रोव्होल्टच्या उपकरणात तोच १६ डेसिबलवर येतो आणि जवळपास नाहीसा होतो. धावत्या गाडीत हा फरक कळणे कठीण आहे, म्हणूनच आपल्याला तो मुक्कामी कळला.

तोल बदलण्याचे कारण वेगळे आहे. प्रत्येक अ‍ॅम्प्लिफायरचा स्वतःचा एक अंतर्गत अवरोध असतो, त्याला आउटपुट इम्पिडन्स म्हणतात. आपल्या इअरफोनवर १६ ओहम लिहिलेले असले, तरी बॅलन्स्ड आर्मेचर जातीत हा आकडा सुरागणिक बदलतो. एखाद्या पट्टीत तो ८ ओहम आणि दुसऱ्या पट्टीत ४० ओहम होत असेल, आणि अ‍ॅम्प्लिफायरचा अवरोध १० ओहम असेल, तर त्या दोन पट्ट्यांमध्ये मूळ आवाजाच्या तुलनेत पाच डेसिबलचा फरक पडतो. एवढा फरक कोणालाही ऐकू येईल. हाच अवरोध एक ओहम असेल, तर फरक एका डेसिबलच्याही आत राहतो. इअरफोनच्या ओहमच्या एक अष्टमांशाहून तो कमी असावा, हा रूढ आडाखा आहे. आपल्या बाबतीत मी एक ओहमची मर्यादा पाळेन. एकाच डायनॅमिक (नेहमीच्या, हलत्या वेटोळ्याच्या) ड्रायव्हरच्या किंवा प्लॅनर इअरफोनमध्ये ओहम बहुतांशी स्थिर असतात, त्यामुळे तेथे हा त्रास फारसा होत नाही.

नवी खरेदी करण्यापूर्वी अ‍ॅम्प्लिफायरवर ‘गेन’ची, म्हणजे संकेत किती पट वाढवायचा हे ठरवणारी, कळ असल्यास ती खालच्या स्थानावर ठेवून पाहावे. गोंगाट कमी करण्यासाठी मध्ये नुसता रोधक (प्रवाह अडवणारा घटक) असलेली वायर लावण्याचा सल्ला आपल्याला कोणी देईल. तिने ‘स्स’ कमी होईल, पण एकूण अवरोध वाढून तोल आणखी ढळेल. इअरफोनला समांतर रोधक असलेले, पातळी कमी करणारे ॲटेन्युएटर चालेल. आपले जुने डॉंगल अजून जवळ असेल, तर रात्रीसाठी तेच वापरावे. तो खरोखरच आपल्या इअरफोनला अधिक योग्य अ‍ॅम्प्लिफायर असण्याची शक्यता मोठी आहे.

प्रश्न : पुष्कळ वर्षांपूर्वी पत्र्याच्या लहान डबीत, ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा हेडफोन अ‍ॅम्प्लिफायर मी हाताने बनवला होता. अजून चालतो. तो बदलण्याची वेळ आली आहे का?

उत्तर : आपण बहुधा चू मॉय यांच्या आराखड्यावर आधारलेला, ‘सी-मॉय’ या नावाने ओळखला जाणारा अ‍ॅम्प्लिफायर बनवला असावा. हाताने केलेल्या त्या जोडणीबद्दल मला मनापासून आदर वाटतो, आणि तो निकामी ठरवण्याची मला घाई नाही. त्याच्या मर्यादा मात्र स्पष्ट आहेत. ९ व्होल्टची बॅटरी अधिक-उणे साडेचार व्होल्टमध्ये विभागली जाते, ऑप-अ‍ॅम ही संकेत वाढवणारी चिप त्यातला काही भाग स्वतःसाठी राखते, आणि हेडफोनपर्यंत सुमारे दोन व्होल्ट पोहोचतात. वरच्या पत्रातील २५० ओहमच्या हेडफोनला ते जवळजवळ पुरतील. परंतु त्या चिपला अधिक प्रवाह देता येत नाही, त्यामुळे १६ किंवा ३२ ओहमच्या कमी संवेदनशील हेडफोनवर मोठ्या आवाजात तो लवकर फाटेल.

मूळ आराखड्यातील गेन अकरापट होता, आणि आजच्या संवेदनशील इअरफोनांना तो फारच जास्त आहे. आवाजाचे बटण अगदी सुरुवातीलाच थांबवावे लागते, आणि तेथे साध्या पोटेन्शिओमीटरच्या (बटणामागील बदलत्या रोधकाच्या) दोन बाजू सारख्या नसल्याने एका कानात आवाज अधिक येतो. आपण स्वतः जोडणी केलेली आहे, तेव्हा गेन ठरवणारे दोन रोधक बदलून तो तीनपटीवर आणावा. हा बदल कोणत्याही नव्या खरेदीपेक्षा मोलाचा ठरेल. पुढे पुन्हा काही बनवण्याची इच्छा झाली, तर २०११ साली ‘एनडब्ल्यूएव्हीगाय’ या टोपणनावाने प्रसिद्ध झालेला ओ२ हा खुला आराखडा पाहावा. त्याचा आउटपुट इम्पिडन्स अर्धा ओहम आहे. मात्र त्याला ९ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या लागतात आणि तो खिशात सहज मावत नाही. विमानप्रवासात पत्र्याच्या डबीतील वायरी आणि बॅटरी पाहून सुरक्षा तपासणीत विचारणा होऊ शकते, याचाही विचार करावा.

प्रश्न : माझा हेडफोन बिनतारी, बाह्य आवाज दाबणारा आहे. अ‍ॅम्प्लिफायर जोडल्यास सुधारणा होईल का?

उत्तर : नाही. अशा हेडफोनच्या आत त्याचा स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर असतो आणि ड्रायव्हरला तोच चालवतो. ब्लूटूथवर बाहेरच्या उपकरणाचा त्याच्याशी संबंधच येत नाही, आणि वायर जोडली तरी बहुतेक हेडफोनमध्ये संकेत आतल्या अ‍ॅम्प्लिफायरमधूनच जातो. सुधारणा हवी असेल, तर कानाच्या गाद्या वेळेवर बदलाव्यात.

प्रश्न : ४.४ मिलिमीटरचे बॅलन्स्ड आउटपुट घेण्यासाठी अ‍ॅम्प्लिफायर बदलावा का?

उत्तर : त्याच उपकरणात बॅलन्स्ड आउटपुटवर (ज्यात प्रत्येक कानाची अधिक आणि उणे अशी दोन्ही टोके वेगळी चालवली जातात) व्होल्ट साधारणपणे दुप्पट, म्हणजे सहा डेसिबल अधिक मिळतात, आणि आउटपुट इम्पिडन्सही दुप्पट होतो. पहिल्या पत्रलेखकाला त्याचा उपयोग आहे, दुसऱ्याला नाही. हेडफोनच्या वायरीत दोन्ही बाजूंच्या चार तारा वेगळ्या असणे आवश्यक आहे. बॅलन्स्ड आउटपुटला साधा ३.५ मिलिमीटरचा हेडफोन जोडण्यासाठी दोन्ही उणे टोके एकत्र करणारा जोड कधीही वापरू नये; त्याने अ‍ॅम्प्लिफायर जळू शकतो.

प्रश्न : फोनवर चालणारे डॉंगल बरे, की स्वतःची बॅटरी असलेला अ‍ॅम्प्लिफायर?

उत्तर : मी स्वतः बॅटरीचा अ‍ॅम्प्लिफायर फोनच्या पाठीला रबरी पट्ट्यांनी बांधून काही काळ प्रवास केला. आवाज उत्तम होता, पण ती जोडगोळी खिशात मावत नसे, दोन्हींचे चार्जिंग सांभाळावे लागे, आणि काही प्रवासांनंतर मी ती नेणे थांबवले. जे उपकरण पिशवीतून काढण्याचा कंटाळा येतो, त्याचा दर्जा कितीही असला तरी प्रवासात त्याचा उपयोग होत नाही, असे माझे ठाम मत आहे.

डॉंगल फोनची बॅटरी वापरते. ते अर्धा वॅट घेत असेल, तर दहा तासांत ५ वॅट-तास खर्च होतात. फोनची बॅटरी १५ वॅट-तासांची असेल, तर हा तिचा एक तृतीयांश भाग झाला. लांबच्या प्रवासात हे जड जात असेल, तर खिशाला अडकवता येणारा, स्वतःची बॅटरी असलेला ब्लूटूथ अ‍ॅम्प्लिफायर हा चांगला मध्यममार्ग आहे. ब्लूटूथवरून आवाज पाठवण्याच्या एलडॅक पद्धतीत सेकंदाला ९९० किलोबिटपर्यंत माहिती जाते, मात्र गर्दीच्या ठिकाणी ती ६६० किंवा ३३० वर आणल्यास आवाज तुटत नाही. अ‍ॅम्प्लिफायर फोनला अगदी चिकटून असेल, तर फोनच्या रेडिओ लहरींची गुरगुर ऐकू येऊ शकते. जीएसएम जाळ्यावर फोन सेकंदाला सुमारे २१७ वेळा संकेत सोडतो आणि तीच लय कानात येते. फोन विमान-स्थितीत ठेवला की ती थांबते.

विमानप्रवासात १०० वॅट-तासांपर्यंतच्या बॅटऱ्यांना साधारणपणे परवानगी असते. ३,००० मिलिअ‍ॅम्पिअर-तास आणि ३.७ व्होल्टची बॅटरी केवळ ११ वॅट-तासांची होते, त्यामुळे त्या बाजूने काळजी नाही. सुट्या बॅटऱ्या आणि पॉवर बँक मात्र हातातील सामानातच ठेवाव्यात.

प्रश्न : नवा अ‍ॅम्प्लिफायर खरोखर चांगला आहे, की केवळ नवा असल्याने चांगला वाटतो, हे कसे ठरवावे?

उत्तर : दोन्हींची पातळी समान केल्याशिवाय हे ठरवता येत नाही, कारण किंचित मोठा आवाज कानाला नेहमी अधिक उघडा आणि भरीव वाटतो. एखाद्या १०० हर्ट्झच्या स्थिर सुराची फाइल लावावी, हेडफोन जोडलेला पण कानापासून दूर ठेवावा, आणि मल्टिमीटरने दोन्ही अ‍ॅम्प्लिफायरांचे व्होल्ट मोजून ते एका टक्क्याच्या आत जुळवावेत. म्हणजे फरक एक दशांश डेसिबलहून कमी राहतो. नंतर कोणा मित्राला आपल्या नकळत अदलाबदल करायला सांगावे आणि ओळखीच्या एकाच उताऱ्यावर दहा वेळा ओळखण्याचा प्रयत्न करावा. दहापैकी नऊ किंवा अधिक वेळा केवळ नशिबाने बरोबर येण्याची शक्यता एक टक्क्याच्या आसपासच असते. पाच-सहा वेळाच बरोबर आले, तर नवा अ‍ॅम्प्लिफायर परतीची मुदत संपण्यापूर्वी परत करावा, आणि ती रक्कम हेडफोनसाठी किंवा कानात नीट बसणाऱ्या टिप्ससाठी राखून ठेवावी.