घरी ग्रीटिंग कार्डं करायची तर स्टॅम्प, पंच आणि रिबन यांपैकी आधी काय घ्यावं?

तुम्ही लिहिलंय की यंदा दिवाळीला नातेवाइकांना पंचवीस-तीस कार्डं हाताने करून पोस्टाने पाठवायची आहेत. ऑनलाइन मागवलेल्या स्टॅम्पचे ठसे डागाळलेले येतात, कागदातून ठरावीक आकार कापून काढणाऱ्या ढीगभर पंचांपैकी कोणता घ्यावा कळत नाही आणि रिबन बांधली की कार्ड लिफाफ्यात मावत नाही. कार्ड कापायचं मशीन घ्यावं का, हेही विचारलंय.

आधी लिफाफा घ्या. खरंच. बहुतेक जण कार्ड करून झाल्यावर लिफाफा शोधायला निघतात आणि मग एक तर कार्डाची कड छाटतात, नाहीतर पाकिटात कोंबतात. लिफाफा समोर ठेवला की कार्डाचा आकार, जाडी आणि वजन ही तिन्ही गणितं एकदम सुटतात.

पोस्टात साध्या पत्राचा पहिला टप्पा २० ग्रॅमपर्यंत असतो. २५० जीएसएमचा (म्हणजे एका चौरस मीटरला २५० ग्रॅम भरणारा) ए-फोर कागद साधारण साडेपंधरा ग्रॅम भरतो. तो मधोमध दुमडून मोठं कार्ड केलंत तर लिफाफ्यासकट २० ग्रॅमची हद्द ओलांडणार. तोच कागद आधी अर्धा कापा आणि मग प्रत्येक अर्ध्याची घडी घाला: एका कागदात दोन कार्डं होतात, आठ ग्रॅमच्या आतली. लिफाफा चार-पाच ग्रॅमचा. म्हणजे सजावटीला आणि आतल्या चिठ्ठीच्या कागदाला सहा-सात ग्रॅम हातात उरतात, आणि तेवढे पुष्कळ झाले. बंद कार्ड १०५ बाय १४८ मिलिमीटरचं होतं. त्याला ११४ बाय १६२चा लिफाफा बरोबर बसतो. दुसरा कुठला लिफाफा मिळाला तर कार्ड त्याच्यापेक्षा लांबी-रुंदीत पाऊण-एक सेंटिमीटर कमी ठेवा.

आता कागद. २५० ते ३०० जीएसएमचा, गुळगुळीत पण चकचकीत नसलेला पांढरा किंवा हस्तिदंती कार्डशीट घ्या. पुण्यात असाल तर अप्पा बळवंत चौकात मोठ्या शीट मिळतात आणि बरेच दुकानदार मागितलं तर कापूनही देतात. प्रत्येक कागदाला एक कल असतो. हलक्या हाताने दोन्ही बाजूंनी वाकवून बघा, ज्या बाजूने तो सहज वाकतो त्या बाजूची घडी स्वच्छ येते. आडव्या कलावर घडी घातली की पाठीवर भेगा पडतात, विशेषतः रंगीत कागदावर आतला पांढरा रंग डोकावतो. कल बघून मगच शीट कापून घ्या. घडी घालायच्या आधी पट्टी लावून संपलेल्या रिफिलने एक रेघ दाबून ओढा. ही रेघ कार्डाच्या बाहेरच्या अंगाला ओढायची, म्हणजे उमटलेला उंचवटा घडीच्या आत जातो. पुष्कळ जण उलट करतात.

हातकागदाचा मोह होतो, मलाही होतो. पुण्यात शिवाजीनगरला १९४० साली सुरू झालेली हातकागद संस्था आहे. तिथले सुती चिंध्यांच्या लगद्यापासून केलेले कागद हातात घेतले की खाली ठेवावेसे वाटत नाहीत. पण त्याचा पृष्ठभाग खडबडीत असतो, त्यामुळे बारीक रेघांचा स्टॅम्प त्यावर तुटक उमटतो. त्या कागदाची पट्टी किंवा चौकोन कापून साध्या कार्डावर चिकटवा, किंवा कापडावर छपाई करायचे लाकडी छापे असतात ते त्यावर वापरा. जाड नक्षी, स्पंजने थोपटून लावलेला पोस्टर रंग आणि कागदाखाली वर्तमानपत्राची जाड घडी. तिथे थोडं पुसट उमटलं तरी ते शोभतं.

तुमच्या मुख्य दुखण्याकडे येते. डागाळलेल्या ठशाला सहसा स्टॅम्प जबाबदार नसतो. तुम्ही मागवलेले पारदर्शक, जेलीसारखे स्टॅम्प असणार. नवीन असताना त्यांच्यावर एक बुळबुळीत थर असतो आणि शाई त्यावर थेंबाथेंबाने गोळा होते. पेन्सिलच्या खोडरबराने स्टॅम्पचा चेहरा हलकेच घासा, तो थर जातो. मग तो ॲक्रिलिकच्या ठोकळ्यावर चिकटवा आणि उलटा धरून शाईचं पॅड त्यावर टेकवा. आपल्याला ऑफिसातल्या शिक्क्याची सवय, त्यामुळे हात आपोआप स्टॅम्प पॅडवर दाबायला जातो. तसं केलं की शाई कडांना आणि खाचांमध्ये शिरते, आणि ठशाभोवती जी काळी झालर दिसते ती तिचीच. पॅड वरून चार-पाच वेळा हलकं टेकवायचं, स्टॅम्प उजेडात तिरपा धरून सगळीकडे सारखी ओल दिसते का ते बघायचं.

ठसा घेताना कार्डाखाली थोडं मऊ काहीतरी हवं: जुनं माउसपॅड किंवा आठ-दहा वर्तमानपत्रं. ठोकळा सरळ खाली, बोटं पसरून सगळीकडे सारखा दाब, मनात दोन-तीन आकडे, आणि सरळ वर. डोलवायचा नाही. डोलवला की एका बाजूची रेघ जाड आणि दुसरीकडे सावली. वापर झाला की ओल्या फडक्याने पुसून प्लास्टिकच्या शीटवर परत लावून ठेवा. खिडकीत उन्हात ठेवलेत तर पिवळे पडतात.

शाईचे दोन प्रकार लक्षात ठेवले की पुरे. डाय शाई पाण्यासारखी, कागदात मुरते, चटकन वाळते, पण सच्छिद्र कागदावर पसरते. पिगमेंट शाई दाट असते, कागदाच्या वर बसते, रंग भरीव दिसतो, मात्र वाळायला वेळ घेते आणि चकचकीत कागदावर तर दुसऱ्या दिवशीही बोटाला लागते. दिव्यांच्या, तोरणाच्या नक्षीला मी पिगमेंट घेते, कारण तिच्यावर एम्बॉसिंगची पावडर बसते. ठसा ओला असतानाच सोनेरी पावडर त्यावर भुरभुरायची, जास्तीची कागदावर झटकून डबीत परत ओतायची आणि उरलेली उष्णतेने वितळवायची. ठसा फुगीर आणि सोन्यासारखा चमकतो. इथे दोन अडचणी हमखास येतात. एक म्हणजे पावडरचे कण नको तिथेही चिकटतात. ठसा घ्यायच्या आधी मलमलीच्या पुरचुंडीत टाल्कम पावडर बांधून ती कागदावरून फिरवा, कण चिकटत नाहीत. दुसरी, हेअर ड्रायरने हे काम होत नाही. त्याचा वारा जोरात आणि ऊब कमी, सगळी पावडर उडून जाते. हीट गन (खूप गरम हवा सोडणारं यंत्र) नसेल तर तापलेल्या इस्त्रीच्या वर, न टेकवता, कार्ड चिमट्याने आडवं धरा. खालून उष्णता लागली की पावडर एका टोकापासून वितळत जाताना दिसते. वितळली की लगेच बाजूला घ्या, जास्त तापली तर चमक जाते.

आणि एक सांगायचंच आहे. बाजारातल्या क्राफ्टच्या स्टॅम्पवर बहुतेक मजकूर इंग्रजी असतो. मावशीला मराठीत पत्र आणि वर ठसा 'हॅपी दिवाळी'चा, हे मला खटकतं. गावात रबरी शिक्के करून देणारा असतोच. जाड काळ्या पेनाने पांढऱ्या कागदावर 'शुभ दीपावली' लिहा, किंवा घरात ज्यांचं अक्षर वळणदार असेल त्यांच्याकडून लिहून घ्या, आणि तो कागद त्याला द्या. सांगताना एवढं सांगा की आत शाई भरलेला स्वयंचलित शिक्का नको, साधा लाकडी मुठीचा द्या. म्हणजे पॅड बदलून हवा तो रंग वापरता येतो. अक्षर फार बारीक नको, नाहीतर 'भ'ची गाठ आणि वेलांटीची पोकळी शाईने भरून जाते. शब्दाची लांबी पाच-सहा सेंटिमीटर ठेवली तर छोट्या कार्डावर नीट बसतो. आजीच्या अक्षरातला ठसा पाहून नातेवाईक फोन करतात, हा माझा अनुभव. इंपोर्टेड स्टॅम्पच्या संचावर कुणी फोन केलेला नाही.

पंचांच्या बाबतीत मी कंजूष आहे. दोनच घ्या: एक इंचाचा साधा गोल आणि त्याहून थोडा मोठा, लाटेरी कडेचा गोल. एकावर एक चिकटवले की फूल, पणतीमागचा उजेड, नावाची चकती, काहीही होतं. फुलपाखरं, बदाम, पानं यांचे पंच दोन कार्डांनंतर डोळ्यांवर येतात. कोपरा गोल करणारा पंच हवासा वाटला तर घ्या, पण लिफाफा काही गोल कोपऱ्यांचा नसतो, त्यामुळे मला त्याचं फारसं कौतुक नाही.

पंच वापरताना तो उलटा धरायचा. खालच्या बाजूने कागद दिसतो आणि नक्षी नेमकी मध्यावर घेता येते. कार्डाचाच २५० जीएसएमचा कागद त्यात घालू नका, स्वस्त पंच तिथेच अडकतात. पंचासाठी १२० ते १८० जीएसएमचा कागद उत्तम. घरात साठलेल्या लग्नपत्रिकांचे आतले पातळ कागद तर यासाठी फारच छान, सोनेरी छपाई आयतीच मिळते. पत्रिकेवरचा गणपती टाकवत नाही म्हणून कपाटात पडून असतो, तो गोल पंचाने काढून कार्डावर लावला तर त्याचीही सोय लागते. पंच बोथट झाला, कडा चावल्यासारख्या येऊ लागल्या, तर स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियम फॉइल दोन-तीन पदरी करून पाच-सहा वेळा कापा, धार सुधारते. जड चालत असेल तर मेणबत्ती घासलेला कागद त्यात घालून दाबा. गोल काढल्यावर उरलेली भोकांची पट्टी फेकू नका. ती कार्डावर ठेवून स्पंजने रंग थोपटला की मागची नक्षी तयार होते.

आता रिबन. तुमचं कार्ड फुगतं ते बोमुळे. पुढच्या पानावर मधोमध बांधलेला सॅटिनचा बो फोटोत छान दिसतो, पण पोस्टात तो चेपतो आणि आत पानावर त्याचा वळ उमटतो. पोस्टाने जाणाऱ्या कार्डाला सहा मिलिमीटरची रिबन घ्या आणि ती घडीच्या बाजूने, पुस्तकातल्या खुणेच्या दोरीसारखी, उभी गुंडाळून खालच्या टोकाला एकच चपटी गाठ मारा. तिकीट लिफाफ्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात आणि शिक्काही तिथेच ठोकला जातो, म्हणून गाठ डावीकडे खाली येईल असं कार्ड लिफाफ्यात घाला. हातोहात द्यायच्या कार्डांना खुशाल बो करा. तो कार्डावर बांधत बसू नका; काट्याच्या दोन दातांमधून रिबन ओवून वेगळा बांधा, सगळे एकाच मापाचे होतात, मग चिकटवा.

रिबनची टोकं तिरकी कापा आणि पेटलेल्या उदबत्तीचं टोक कडेजवळून फिरवा. बाजारातली सॅटिन बहुधा पॉलिस्टरची असते, ती वितळून कड बंद होते आणि धागे सुटत नाहीत. काडी किंवा लायटरने कड काळी पडते. रिबनसाठी पुण्यात तुळशीबाग किंवा बोहरी आळी गाठा, मीटरवर मिळते आणि रंग डोळ्यांनी बघून घेता येतो. आणि शिंप्याकडे ब्लाउजचे उरलेले काठ मागून बघा. जरीच्या काठाची बोटभर पट्टी कागदावर चिकटवून, वाळल्यावर कागदासकट कापली तर उसवत नाही, आणि कुठल्याही रिबनपेक्षा ती देखणी दिसते.

चिकटवायला फेव्हिकॉल फार थोडा, टूथपिकने. त्यात पाणी असतं, कागद लाटा घेतो. मोठे थर डबल टेपने लावा. फोमची टेप लावायचीच असेल तर एका कार्डावर एकाच जागी.

मशीन यंदा घेऊ नका. ज्याला दर महिन्याला कार्डं करायची आहेत त्याच्यासाठी ते ठीक आहे. तीस कार्डांना कात्री, कटर आणि दोन पंच पुरतात, ते पैसे चांगल्या कागदात आणि शाईत घाला. खरं तर छापील नाताळ कार्डाचा जन्मच वेळ वाचवण्यासाठी झाला. लंडनच्या हेन्री कोल यांनी १८४३ साली नाताळची पत्रं लिहायला सवड नाही म्हणून चित्रकार हॉर्सले यांच्याकडून कार्ड काढून घेतलं आणि हजारेक प्रती छापल्या. आपण हाताने करत बसलोय ती उलटी गंगा आहे, तेव्हा यंत्राची घाई कशाला?

कामाचा क्रम मात्र कारखान्यासारखा ठेवा. एक-एक कार्ड पूर्ण करत बसलात तर दहाव्याला कंटाळाल. आधी सगळ्यांचं कापणं आणि घड्या, मग सगळे ठसे, ते रात्रभर वाळू द्यायचे, मग पंचाचे तुकडे, रिबन सगळ्यात शेवटी. ठशांसाठी चार-पाच घड्या जास्त घालून ठेवा, तेवढे बिघडतातच. आतला मजकूर रिबन बांधायच्या आधी लिहा, गाठ असली की हात अडखळतो. एक तयार कार्ड लिफाफ्यासकट किराणावाल्याच्या किंवा सोनाराच्या काट्यावर तोलून बघा, मगच बाकीची करा. दसऱ्यापर्यंत ठसे उरकले आणि कोजागरीच्या आसपास कार्डं पेटीत पडली, तर परगावी धनत्रयोदशीच्या आत निवांत पोचतात. नातेवाइकांत कुणी परदेशी असेल तर त्यांची कार्डं गणपती उठले की लगेच करायला घ्या.