जीप रँग्लरच्या मागच्या ॲक्सलला बाजारातली स्किड प्लेट (खालून दगडांचा मार झेलणारी धातूची प्लेट) घरी बसवता येते का? डिफरन्शियलचे (ॲक्सलच्या मध्यभागी असलेल्या, दोन्ही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरच्या डब्याचे) कव्हर उघडावे लागते का?

होय, प्लेट घरी बसवता येते आणि कव्हर पूर्ण उघडावे लागत नाही, कारण बहुतेक प्लेट्स कव्हरच्या खालच्या काही बोल्टांवर आणि ॲक्सल ट्यूबभोवतीच्या यू-बोल्टवर (इंग्रजी U आकाराच्या बोल्टवर) टेकतात. मात्र ते बोल्ट काढताच गिअर ऑइल झिरपू शकते. म्हणून खाली ट्रे ठेवावा, एका वेळी एकच बोल्ट बदलावा आणि मूळ बोल्टपेक्षा प्लेटच्या जाडीइतका जास्त लांब बोल्ट घेऊन तो टॉर्क रेंचने (ठरावीक जोराने आवळणाऱ्या पान्याने) सर्व्हिस मॅन्युअलमधल्या मापानेच आवळावा. खरी काळजी यू-बोल्टची घ्यावी लागते: ट्यूबला चिकटून जाणारी ब्रेकची नळी त्याखाली दबली, तर ती घासून गळू लागते. ड्रेन प्लगसमोर (ऑइल काढण्याच्या बुचासमोर) प्लेटला भोक नसेल, तर ती घेऊच नये, नाहीतर प्रत्येक ऑइल बदलताना ती उतरवावी लागेल. पहिल्या खडकाळ फेरीनंतर सर्व बोल्ट पुन्हा तपासावेत. एक मर्यादा अशी की प्लेट मार झेलते, उंची वाढवत नाही. सॉलिड ॲक्सलखालची (दोन्ही चाकांना जोडणाऱ्या एकसंध ॲक्सलखालची) जागा लिफ्ट किटनेही (गाडी सस्पेन्शनवर उंच करणाऱ्या संचानेही) वाढत नाही, ती मुख्यतः मोठ्या व्यासाच्या टायरने वाढते.