कॅन्सर उलटल्यावर जोडीदाराला धीर कसा द्यायचा?

"मागच्या वेळी धीर दिला होता. आता काय सांगू?" कॅन्सर उलटलेल्या, म्हणजे उपचारांनंतर तो पुन्हा आलेल्या रुग्णांचे नवरे किंवा बायका हा प्रश्न घेऊन समुपदेशनासाठी माझ्याकडे सतत येतात. पहिल्या खेपेला 'उपचार संपले की सुटलो' हे वाक्य हाताशी असतं. दुसऱ्या खेपेला ते बोलणाऱ्यालाही खरं वाटत नाही.

एका जोडप्याचं सांगते, ओळख पटणारे तपशील बदलून. स्तनाच्या कॅन्सरचे उपचार संपून काही वर्षं झाली होती. पाठ दुखते म्हणून स्कॅन केला, तर कॅन्सर मणक्यात दिसला. गोळ्या, फाइल, नातेवाइकांचे फोन, डॉक्टरांना विचारायचे प्रश्न, सगळं नवऱ्याने अंगावर घेतलं. बायको गप्प होत गेली.

"ही बोलतच नाही, मॅडम. मी रोज सांगतो, मागे जिंकलो, आताही जिंकू."

"हे ऐकून काय वाटतं?" मी बाईंना विचारलं.

"नाही जिंकले, तर मीच कमी पडले असं होईल."

"असलं मनातही आणू नकोस," ते लगेच म्हणाले. मी त्यांना थांबवलं. "कशाची भीती वाटते, एवढंच विचारा. उत्तर येईपर्यंत बोलू नका." ते थांबले. बराच वेळ गेला.

"मरणाची तेवढी नाही. दुखण्याची वाटते. आणि तू काहीच झालं नाही असा वागतोस, त्याची."

"मलाही भीती वाटते गं," ते म्हणाले आणि रडले. पुढचा तासभर त्याच बोलत होत्या. मला फारसं काही करावंच लागलं नाही, आणि माझ्या मते समुपदेशन साधलं ते इथे. माणसाला उत्तर हवं असतंच असं नाही. भीती बोलून दाखवली तर समोरचा कोसळणार नाही, एवढी खात्री त्याला हवी असते.

भीतीला नाव मिळालं की कामंही ठरतात. दुखण्याची भीती होती, म्हणून ते पॅलिएटिव्ह केअरच्या, म्हणजे दुखणं आणि इतर त्रास कमी करणाऱ्या उपचारांच्या डॉक्टरांना भेटले. हे उपचार शेवटच्या दिवसांचे, हा गैरसमज फार खोल आहे. प्रत्यक्षात ते केमोबरोबरच सुरू करता येतात. फुप्फुसाच्या पसरलेल्या कॅन्सरवरच्या २०१० सालच्या एका अभ्यासात, ज्यांना ते लवकर मिळाले त्यांचं रोजचं जगणं सुधारलेलं आणि नैराश्य कमी आढळलं. हाडातल्या दुखण्यावर रेडिएशनचाही चांगला उपयोग होतो.

डॉक्टरांकडे प्रश्न आता बाई स्वतः विचारतात, नवरा लिहून घेतो. पहिला प्रश्न, उपचार बरं करण्यासाठी आहेत की आजार आटोक्यात ठेवण्यासाठी? जोडीदार हा प्रश्न टाळतात, आणि मग दोघं वेगवेगळ्या आशेवर जगत राहतात. दुसरा, बायोप्सी, म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासणी, पुन्हा करायची का? उलटलेल्या गाठीचे गुणधर्म बदललेले असू शकतात. जुन्या रिपोर्टवरून औषध ठरवणं दर वेळी पुरेसं नसतं.

नातेवाइकांचे फोन एका बहिणीकडे सोपवले. संध्याकाळची वीस मिनिटं आजाराच्या बोलण्याला, बाकी वेळ इतर गोष्टींना. "आज ऐकू, की काही करू, की एकटं सोडू?" हे नवऱ्याने रोज विचारायचं.

दोन गोष्टींत मात्र विचारत बसायचं नाही. केमो चालू असताना ताप १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त झाला, तर पॅरासिटामॉल देऊन वाट न पाहता लगेच हॉस्पिटलला फोन करायचा. गोळीने ताप दबतो, संसर्ग तसाच राहतो. आणि मणक्यात आजार असताना पायांतली ताकद कमी झाली, बधिरपणा आला किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटला, तर रात्र असली तरी तातडीच्या विभागात न्यायचं.